आपले व्हिडिओ ठेवायचे कुठं आणि किल्ली कुणाकडे?

आम्ही खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीहून बोलतोय. मागच्या महिन्यात प्रभागसंघाची बैठक होती. हप्ते, वह्या, गणपतीतल्या स्टॉलची जागा हे सगळं उरकलं, चहा आला, आणि तीन वेगवेगळ्या गटांच्या बायकांनी एकच विषय काढला. "ताई, आम्हीपण तुमच्यासारखे गप्पांचे व्हिडिओ करतोय. पण ते टाकायचे कुठल्या प्लॅटफॉर्मवर?" मागून एक आजी म्हणाल्या, "कर्जतच्या टाका. खोपोली गाडीची वाट बघत बायका बसलेल्याच असतात, बघतील."

सगळ्या हसल्या. पण आजी बोलल्या त्यात चूक काही नव्हतं. बघणारी बाई आधीच जिथं बसलेली आहे तिथं आपला माल न्यावा, हे बाजाराला जाणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. त्या बैठकीत उत्तर द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून ते आज रेडिओवरून देतोय. यातलं बरंचसं आम्ही चुका करूनच शिकलो आहोत, त्यामुळे चुकाही सांगू.

आधी शब्द नीट समजून घेऊ. पॉडकास्ट म्हणजे ठरावीक विषयावरची, भागाभागांनी येणारी बोलण्याची मालिका. रेडिओच्या कार्यक्रमासारखीच, फक्त ऐकणारीनं आपल्या सवडीनं ऐकायची. बेन हॅमर्सली नावाच्या इंग्रज पत्रकारानं २००४ मध्ये हा शब्द लिहिला, तेव्हा तो नुसत्या आवाजाबद्दल होता. आता त्यात बोलणाऱ्यांचे चेहरेही दिसतात, म्हणून व्हिडिओ पॉडकास्ट. मराठीत 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' यांच्या मुलाखती तुमच्यापैकी काहींनी बघितल्या असतील. त्यांच्याकडे दिवे, माइक, कॅमेरे असतात. आमच्याकडे एक फोन, एक स्टूल आणि स्टुलावर उभा केलेला पितळी डबा. फोन डब्याला टेकवला की झालं.

आमची सुरुवात शेवळांनी झाली. मे महिना संपत आला की आमच्या भागात ठाकूरवाड्यांतल्या मावश्या शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात, आणि शहरातून नव्यानं आलेल्या बायका त्या घेऊन जातात, करतात, आणि घसा धरून बसतात. शेवळं खाजतात. त्यात काकडांचा आंबटपणा लागतो, साफ कसं करायचं तेही माहीत असावं लागतं. एका मावशीनं हे सगळं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, मध्येच जंगलाच्या गोष्टी सांगितल्या, आपल्या आईनं शेवळं विकून घेतलेल्या पहिल्या लुगड्याबद्दल सांगितलं. बावीस मिनिटं झाली. आमच्या गटातल्या एका वहिनींचा भाचा सुट्टीला आला होता. त्यानं दोन मिनिटांत आपल्या ईमेलवर चॅनेल काढलं आणि व्हिडिओ चढवला. किती सोपं आहे, असं वाटलं आम्हाला.

अकरा भाग झाले. मग भाच्याला पुण्याला नोकरी लागली, गाडीत त्याचा फोन चोरीला गेला, जुना नंबर बंद पडला. पासवर्ड त्याच्या फोनमध्येच साठवलेला. ओटीपी जाणार त्या बंद नंबरवर. त्यानं खूप खटपट केली बिचाऱ्यानं, पण खातं काही उघडलं नाही. दोष कुणाला द्यायचा? नंबर त्याचा, ईमेल त्याचा, आणि आवाज आमचे. ते चॅनेल आजही तिथंच आहे. लोक बघतात. खाली विचारतात, "मावशी, काकडं नसतील तर चिंच चालेल का?" आम्हाला ते प्रश्न दिसतात, उत्तर देता येत नाही.

मैत्रिणींनो, गट सुरू करताना पहिल्याच बैठकीत आपल्याला काय शिकवतात? पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. बँकेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्यापैकी दोघींच्या सह्या लागतात. वीस रुपयांची बचत आपण अशी सांभाळतो. आणि अकरा बायकांचं बोलणं आम्ही एका पोराच्या खिशात ठेवून दिलं होतं.

आता कामाचं बोलू. प्लॅटफॉर्म निवडायचा म्हणजे दोन वेगळी कामं असतात, ती एकत्र झाल्यानं घोटाळा होतो. एक काम साठवणीचं आणि दुसरं पोहोचवण्याचं. भात आपण कणगीत ठेवतो आणि विकायला बाजारात नेतो. कणगीला उंदीर लागू नये एवढंच बघायचं, बाजारात मात्र गिऱ्हाईक आहे का ते बघायचं. इंटरनेटवरच्या काही कंपन्या कणगी आणि बाजार दोन्ही एकाच छपराखाली देतात, तेही फुकट. त्यामुळे आपल्याला वाटतं, घरात वेगळा दाणा ठेवायची गरजच काय.

यूट्यूब तसं आहे. गावातल्या बाईला व्हिडिओ बघायचा म्हणजे ती यूट्यूबच उघडते, तेव्हा बाजार तोच, यात वाद नाही. खातं नवीन असेल तर पंधरा मिनिटांपर्यंतचाच व्हिडिओ चढतो. फोन नंबर देऊन खातं पडताळून घेतलं की बारा तासांचासुद्धा चालतो. भागांची एक यादी करून तिला पॉडकास्ट म्हणून खूण करता येते, म्हणजे भाग ओळीनं दिसतात. व्हिडिओ आधी 'खाजगी' ठेवता येतो, किंवा ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल असा ठेवता येतो, मग सगळ्यांसाठी खुला करता येतो. ही सोय किती मोलाची आहे ते पुढं सांगतो. खालच्या टिप्पण्या आधी आपण वाचून मग दाखवायच्या, की मुळातच बंद ठेवायच्या, तेही ठरवता येतं. बायकांच्या व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून वाचून मगच दाखवतो.

अडचणीही ऐका. एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरी फाइल ठेवता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, चेहरा धूसर करता येतो, तेवढंच. दुसरं गाण्यांचं. हळदीकुंकवाचा व्हिडिओ केला आणि मागं कुणाच्या तरी घरातून सिनेमाचं गाणं ऐकू येत असेल, तर यंत्र ते गाणं ओळखतं आणि गाण्याच्या मालकाचा दावा लागतो. दावा वेगळा आणि कॉपीराइटचा स्ट्राइक वेगळा. नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. म्हणून आम्ही चित्रीकरणाला बसलो की आधी शेजारच्या घरी जाऊन टीव्ही बारीक करायला सांगतो. जात्यावरची ओवी आपल्याच बाईनं म्हटली तर असा त्रास सहसा होत नाही, आणि ती ऐकायलाही बरी वाटते.

तिसरी अडचण स्वयंपाकघरातली आहे. यूट्यूबच्या फुकटच्या ॲपमध्ये फोनची स्क्रीन बंद केली की आवाज बंद होतो. भाकरी थापणाऱ्या बाईचे हात पिठात, फोन ताकात नाहीतर पिठाच्या डब्यावर. तिला चेहरे बघायचेच नसतात, तिला ऐकायचं असतं. तिच्यासाठी यूट्यूब गैरसोयीचं आहे.

आणि पैशांचं. प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतोच, म्हणून हिशेब मांडूनच सांगतो. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला चॅनेलला एक हजार सबस्क्राइबर लागतात आणि वर्षभरात चार हजार तास ते बघितलं जावं लागतं. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. आपला भाग अर्ध्या तासाचा असला तरी सगळे शेवटपर्यंत थांबत नाहीत. सरासरी दहा मिनिटं धरा. मग वर्षात २४,००० वेळा कुणीतरी आपला व्हिडिओ लावायला हवा. (छोट्या शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आहे, पण तो आकडा ऐकून तुम्ही रेडिओ बंद कराल.) त्यानंतर मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा आपल्याला मिळतो. हे अशक्य नाही. पण गटानं हे उत्पन्न आराखड्यात धरून त्यावर कर्ज घ्यावं का? आमचं उत्तर, मुळीच नाही. शेवळांच्या भागानंतर त्या मावशीच्या जुड्या तासाभरात संपायला लागल्या, तो फायदा आम्ही खरा धरतो.

चॅनेल मोठं झालं तरी किल्लीची काळजी सुटत नाही. 'आपली आजी' चॅनेल बऱ्याच जणींना माहीत आहे. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, कधी शाळेत न गेलेल्या आजी, आणि त्यांचा नातू यश पाठक. आजी चुलीजवळ बसून पदार्थ सांगतात, नातू चित्रीकरण करतो. लाखो लोक बघायला लागले, आणि २०२० च्या ऑक्टोबरात ते चॅनेल हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं, त्याच्या बातम्याही आल्या होत्या. एवढ्या गाजलेल्या चॅनेलचं परत मिळालं. आपल्या अकरा भागांसाठी कोण धावून येणार?

आता दुसरी पद्धत. हिच्याबद्दल गावात फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश. पॉडकास्टची जुनी रीत रेशन दुकानाबाहेरच्या पाटीसारखी आहे. दुकानदार पाटीवर लिहितो, अमुक महिन्याचा तांदूळ आला. जाता-येता माणसं पाटी वाचतात आणि गावभर सांगतात. पॉडकास्टच्या पाटीला आरएसएस फीड म्हणतात. तुमच्या आवाजाच्या फाइली एका ठिकाणी साठवलेल्या असतात आणि पाटीवर भागांची यादी असते. ॲपल पॉडकास्ट, स्पॉटिफाय, अशी निरनिराळी ॲप ती पाटी पुन्हा पुन्हा वाचतात आणि नवा भाग आपापल्या श्रोत्यांना दाखवतात. म्हणजे एकदा चढवायचं आणि चार बाजारांत जायचं. यातली मोठी गोष्ट अशी की उद्या साठवणीची जागा बदलायची झाली तर पाटीवर नवा पत्ता लावता येतो, आणि ऐकणारे आपोआप नव्या जागी येतात. यूट्यूबवरचे सबस्क्राइबर असे उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. ते तिथलेच.

साठवणीची अशी जागा भाड्यानं देणाऱ्या कंपन्या आहेत, बहुतेक परदेशी, महिन्याला काही डॉलर घेतात. पैसे भरणं थांबलं की पाटी उतरते. गटासाठी आम्ही ते टाळलं. स्पॉटिफायची सोय फुकट आहे. २०१९ मध्ये त्यांनी अँकर नावाची कंपनी विकत घेतली, मग नाव बदलत बदलत आता 'स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स' झालं आहे. तिथं व्हिडिओही चढवता येतो, पण ते चित्र स्पॉटिफायवरच दिसतं, पाटीवरून बाकीच्या ॲपकडे जातो तो आवाज. श्रोतीच्या बाजूनं बघितलं तर फुकटच्या खात्यावरही स्क्रीन बंद ठेवून ऐकता येतं आणि भाग उतरवून ठेवता येतो. भाकरीवाल्या बाईसाठी हे बरं. अडचण एवढीच की आमच्या वाड्यांमध्ये दहा फोन तपासले तर स्पॉटिफाय एखाद्याच फोनमध्ये सापडतं, आणि तेही कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या.

डेटाचाही विचार करा. फोननं फुल एचडीत अर्धा तास चित्रीकरण केलं तर फाइल तीन-चार जीबीची होते. ती चढवायला आमच्याकडे पावसाळ्यात अख्खी रात्र लागते, त्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. याउलट साध्या बोलण्याची आवाजाची फाइल ६४ केबीपीएसला ठेवली तर अर्ध्या तासाला चौदा-पंधरा एमबी होते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत नेटवर्क एका दांडीचं असतं, तिथं चौदा एमबी पोहोचतात. व्हिडिओ बघायचा तर बायका खाली गावात येतात तेव्हा यूट्यूबच्या ॲपमध्ये उतरवून घेतात आणि घरी जाऊन बघतात. असं करतात हे आम्हाला विचारल्यावरच कळलं. म्हणून सांगतो, प्लॅटफॉर्म ठरवण्याआधी आपल्या वीस बायकांना विचारा, तुम्ही कधी बघता, कुठं बसून बघता, कुणाच्या फोनवर बघता. आमच्यात निम्म्या जणी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर बघत होत्या, तेही तो घरी आल्यावर, म्हणजे रात्री नऊनंतर. कुठल्या विषयाचा भाग त्यांना बघता येणार नाही हेही त्यावरून लक्षात आलं.

फेसबुकबद्दल थोडक्यात. लाइव्ह जायला सोपं, नातेवाईक लगेच जमतात. पण २०२५ च्या फेब्रुवारीपासून फेसबुक लाइव्हचं चित्रीकरण तीस दिवसच ठेवतं, नंतर पुसून टाकतं. कणगी म्हणून ते निरुपयोगी. आणि कुठलाही बाजार कायमचा नसतो. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपवर बंदी आणली, त्यात टिकटॉक होतं. आपल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी बाया-पोरी तिथं नाचत होत्या, नकला करत होत्या, रेसिपी सांगत होत्या. एका रात्रीत दुकान बंद. ज्यांनी आपले व्हिडिओ फोनमध्ये ठेवले होते त्यांनी दुसरीकडे मांडले. बाकीच्यांचं गेलं.

व्हॉट्सॲपचं मात्र सविस्तर सांगायला हवं. ते सगळ्यांकडे आहे, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर दोन जीबीची फाइलसुद्धा जाते, आणि आमचे सगळ्यात जास्त भाग तिथंच बघितले जायचे. आम्ही खूश होतो. मग काय झालं ते सांगतो. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच सांगतोय.

आमच्या एका काकूंनी कर्जावरच्या भागात आपली गोष्ट सांगितली. एका खाजगी फायनान्सवाल्याकडून घेतलेलं कर्ज, आठवड्याचा हप्ता, एक हप्ता चुकला तेव्हा वसुलीची माणसं संध्याकाळी दारात येऊन बसली, चूल पेटवायची लाज वाटली. आपल्यासारख्या दुसऱ्या बायांनी सावध व्हावं म्हणून स्वतःहून बोलल्या, रडल्या नाहीत, फार सरळ बोलल्या. आम्ही भाग यूट्यूबवर, फेसबुक पेजवर टाकला आणि पूर्ण फाइल व्हॉट्सॲपच्या चार गटांत पाठवली. तीन आठवड्यांनी काकू घरी आल्या. मुलाचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्या कुणीतरी तो व्हिडिओ त्यांना दाखवला होता. "तेवढं काढून टाका," एवढंच म्हणाल्या.

यूट्यूबवरचा एका मिनिटात काढला. फेसबुकवरचाही. व्हॉट्सॲपवर आपला निरोप सगळ्यांसाठी पुसता येतो तो साधारण दोन दिवसांच्या आत, आणि तेव्हाही दुसऱ्यानं पुढं पाठवलेली प्रत पुसली जात नाही. इथं तर तीन आठवडे झाले होते. आम्ही गटांत विनंती केली, काहींनी पुसला, काहींनी पुसला म्हणून सांगितलं. खोपोलीच्या बाजारात एका ओळखीच्या बाईनं तोच व्हिडिओ आम्हालाच दाखवला, किती चांगलं बोलतात बघा म्हणून. काकू दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. बचत मुलाच्या हातून पाठवत होत्या.

लग्न झालं, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचारत राहाल. पण त्या दोन महिन्यांत आमची चारदा बैठक झाली आणि तेव्हा आम्ही ठरवलं की प्लॅटफॉर्म निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा: दिलेलं परत घेता येतं का? गटाच्या कर्जाला जसा ठराव लागतो तसा प्रत्येक भागाला ठराव लागू केला. बोलणाऱ्या बाईनं भाग आधी खाजगी लिंकवर बघायचा, घरात कुणाला दाखवायचा असेल तर दाखवायचा, आठ दिवस विचार करायचा. मग वहीत सही किंवा अंगठा. नको म्हणाली तर नको, कारण विचारायचं नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवायची नाही, फक्त लिंक पाठवायची. लिंक असली की मूळ व्हिडिओ काढला की सगळीकडचा जातो. कुणी आधीच उतरवून ठेवला असेल किंवा स्क्रीनवरून टिपला असेल तर तिथं आपला इलाज नाही, हेही सही घेण्याआधी त्या बाईला स्पष्ट सांगायचं. लिंकमुळे बघणाऱ्या कमी झाल्या. अंदाजे अर्ध्या. ते आम्ही मान्य केलं.

म्हणून सध्या आमचं असं चालतं. व्हिडिओ यूट्यूबवर. त्याच भागाचा आवाज वेगळा काढून स्पॉटिफायवर, तिथून पाटीमार्फत बाकीकडे. आवाजाची एक चांगली प्रत या रेडिओ केंद्राला. ते आमचं म्हणणं ऐकून जेवढं लावायचं तेवढं लावतात, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्या आज्या तिथं ऐकतात. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून गावच्या बायकांचे आवाज रेडिओवरून देते आहे, तिथं चित्रावाचून काही अडलेलं नाही. तेव्हा व्हिडिओ करणाऱ्या मैत्रिणींनो, फोनचं चित्र थोडं हललं तरी चालेल पण आवाज स्वच्छ घ्या. पंखा बंद करा, कुकर नंतर लावा. साधा कॉलरला लावायचा माइक आम्ही गटाच्या खर्चातून घेतला, तेवढीच आमची गुंतवणूक.

मूळ फाइली आमच्याच एका हार्डडिस्कमध्ये आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या बाईच्या घरी. दोन घरं मुद्दाम लांबची, कारण एक घर नदीकाठी आहे. ओव्या आणि रानभाज्यांचे भाग इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या संग्रहातही ठेवतो. ती १९९६ पासूनची ना नफा संस्था आहे, फुकट साठवते आणि कुणालाही फाइल उतरवून घेऊ देते. तिच्यावरही २०२४ च्या ऑक्टोबरात हल्ला झाला आणि काही दिवस ती बंद होती, म्हणजे एकाच कणगीवर विसंबायचं नाही हे तिथंही आलंच. बायकांच्या स्वतःच्या आयुष्याचे भाग आम्ही तिथं ठेवत नाही. जे कुणीही उतरवून नेलं तरी चालेल तेवढंच.

आणि किल्ली. ईमेल आता गटाच्या नावाचा आहे, त्याला जोडलेला नंबर गटाच्या साध्या फोनचा, तो फोन सचिवांकडे. पासवर्ड खजिनदारांकडे. दुहेरी पडताळणी चालू केली की गूगल दहा कोड देतं, फोन हरवला तर एकेक वापरायला. ते आम्ही कागदावर छापून घेतले. बाकीच्यांना पासवर्ड वाटायची गरज नसते. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्या असतात, तिथून दुसऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या ईमेलवरून एडिटर करता येतं. ती व्हिडिओ चढवते, दुरुस्त करते, पण लोकांपुढं आलेला व्हिडिओ पुसून टाकू शकत नाही. गट सोडून कुणी गेली तर तिचं नाव काढायचं, खातं जागच्या जागी राहतं. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्या बदलतो त्याच दिवशी हेही बदलायचं, असं वहीत लिहून ठेवलं आहे. कोडचा तो कागद कुठं ठेवायचा यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तो बचतीच्या पेटीत गेला.

शेवळंवाल्या मावशींना आम्ही यंदा परत बोलावलं, जुनं चॅनेल गेलं म्हणून तोच भाग नव्यानं करायला. या वेळी त्यांनी खाजगी लिंकवर भाग बघितला, नातीच्या फोनवर, दोनदा. मग निरोप पाठवला की लुगड्याची गोष्ट राहू द्या, पण शेवळं नेमकी कुठल्या ओढ्याच्या वर मिळतात ते सांगितलंय तेवढं कापा, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं गाड्या लागतील. दीड मिनिट कापलं. भाग शनिवारी टाकला आहे.